जुन्या रिव्हॉल्व्हरची रास्त किंमत: लोखंड, गोष्ट आणि पुरावा



आजच्या विषयाचं नाव वाचून काहीजण बुचकळ्यात पडले असतील. इतिहासाच्या व्याख्यानमालेत बाजारभाव कुठून आला? एरवी आपण इथे लढाया, तह, सनदा, घराणी यांबद्दल बोलतो. पण जुन्या वस्तूची किंमत ठरवणं हेसुद्धा इतिहासाचंच काम आहे. ते चुकलं तर नुकसान एकट्या खिशाचं होत नाही, पुराव्याचंही होतं. आज आम्हाला एवढीच गोष्ट मांडायची आहे.

उदाहरण म्हणून रिव्हॉल्व्हर का घेतलं, तेही सांगतो. एखादं चित्र किंवा मूर्ती एकमेव असते, तिची तुलना करणं अवघड. रिव्हॉल्व्हर ही कारखान्यात हजारोंनी बनलेली वस्तू. एकासारखं दुसरं, आणि बहुतेकांवर क्रमांक. त्यामुळे एकाच जातीच्या दोन नगांच्या किमतीत शेकडो पटींचा फरक पडला, तर तो फरक लोखंडात असूच शकत नाही. मग तो कशात आहे, ते शोधता येतं.

पॅरिसमधल्या दोन लिलावांपासून सुरुवात करू. दोन्ही रिव्हॉल्व्हरं लफोशो पद्धतीची, ७ मिलिमीटरची. यांच्या काडतुसाच्या कडेला एक बारीक पिन बाहेर आलेली असते आणि घोडा त्या पिनेवर आपटतो. एकोणिसाव्या शतकात फ्रान्स आणि बेल्जियममध्ये ही हत्यारं अमाप बनली. आजही तसलं साधं, बिननावाचं रिव्हॉल्व्हर युरोपात काहीशे युरोंत मिळतं. हा झाला आपला पायाभाव. तो लक्षात ठेवा.

आता पहिला लिलाव. ३० नोव्हेंबर २०१६ रोजी असं एक रिव्हॉल्व्हर ४,३४,५०० युरोंना गेलं. ते फ्रेंच कवी पॉल व्हर्लेन याचं होतं. १० जुलै १८७३ रोजी ब्रुसेल्समध्ये त्याने ते सकाळी २३ फ्रँकला विकत घेतलं आणि त्याच दिवशी आपला मित्र, कवी आर्थर रँबो याच्यावर दोन गोळ्या झाडल्या. एक रँबोच्या मनगटाला लागली. व्हर्लेनला अटक झाली, खटला चालला, दोन वर्षांची शिक्षा झाली.

दुसरा लिलाव १९ जून २०१९ चा. हे रिव्हॉल्व्हर गंजून गेलेलं, मुठीचं लाकूड नाहीसं झालेलं. किंमत आली १,६२,५०० युरो. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने जुलै १८९० मध्ये ओव्हेर या गावी स्वतःवर गोळी झाडून घेतली ती याच हत्याराने, असं मानलं जातं. १९६० च्या सुमारास एका शेतकऱ्याला ते शेतात सापडलं.

आता विचार करा. व्हॅन गॉग जगातल्या सर्वांत प्रसिद्ध चित्रकारांपैकी एक. व्हर्लेनचं नाव मोठं, पण फ्रेंच कवितेच्या वाचकांपलीकडे त्याला ओळखणारे थोडे. प्रसिद्धीवर भाव ठरत असता, तर आकडे उलटे यायला हवे होते. ते तसे आले नाहीत. का?

कारण व्हर्लेनच्या रिव्हॉल्व्हरमागे कागद होते. गोळीबार झाला आणि प्रकरण पोलिसांकडे गेलं. जबान्या झाल्या, वैद्यकीय तपासणी झाली, हत्यार जप्त झालं. त्यावरचा क्रमांक विकणाऱ्या दुकानाच्या वहीतल्या नोंदीशी जुळतो. व्हॅन गॉगच्या बाबतीत काय आहे? जागा जुळते. गोळीचा आकार जुळतो. तपासणीनुसार ते लोखंड बराच काळ जमिनीत होतं, तेही जुळतं. पण ते हत्यार त्याच्याच हातात होतं, हे सांगणारा एकही कागद नाही. लिलाव करणाऱ्यांनीही पूर्ण खात्रीचा दावा केला नाही. ‘असू शकतं’ आणि ‘आहे’ यांतलं अंतर बाजाराने पैशात मोजलं.

अर्थात, एक सावधगिरी इथेच सांगितली पाहिजे. दोन लिलावांवरून नियम सिद्ध होत नाही. त्या दिवशी सभागृहात दोन हट्टी ग्राहक असले तर आकडा कुठल्या कुठे जातो. एकाची स्थिती बरी होती, दुसऱ्याचा सांगाडा उरला होता, हेही आहेच. तरीपण दिशा स्पष्ट दिसते.

आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे यांनी आयुष्यभर हेच सांगितलं. नंतर लिहिलेल्या बखरीपेक्षा त्या त्या काळचं अस्सल पत्र मोलाचं. बखर टाकाऊ नाही, पण तिला पत्राच्या जागी बसवता येत नाही. जुन्या हत्यारांच्या बाजारात प्रत्येक विक्रेत्याकडे बखर असते. अस्सल पत्र फार थोड्यांकडे असतं.

आता ‘रास्त किंमत’ म्हणजे काय, हे ठरवू. विकणाऱ्यावर विकण्याची सक्ती नाही, घेणाऱ्याला घाई नाही, आणि वस्तू काय आहे हे दोघांनाही ठाऊक आहे, अशा वेळी दोघांना पटेल तो आकडा रास्त. या तीन अटींपैकी एक जरी मोडली तरी आकडा वाकडा होतो. आणि रास्त किंमत म्हणजे एक ठाम आकडा नसून पट्टा असतो, अमुकपासून तमुकपर्यंत. जो माणूस एकच आकडा छातीठोक सांगतो, त्याच्यापासून जरा जपून.

हा पट्टा काढायचा कसा? क्रमाने प्रश्न विचारायचे. पहिला प्रश्न अगदी साधा: वस्तू नक्की कोणती आहे? कारखाना, नमुना, काडतुसाचा आकार, नळीची लांबी, क्रमांक. क्रमांकावरून बहुधा वर्ष निघतं, आणि वर्षावर बरंच अवलंबून असतं. अमेरिकेचं उदाहरण घ्या. तिथल्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेलं हत्यार ‘अँटिक’ धरतात आणि आधुनिक हत्यारांवरची बरीच बंधनं त्याला लागू होत नाहीत. म्हणजे एकाच कारखान्याची, एकाच नमुन्याची दोन रिव्हॉल्व्हरं, एक १८९८ चं आणि एक १८९९ चं. हातात घेतली तर फरक सांगता येणार नाही. पण पहिल्याला ग्राहक जास्त, म्हणून भाव जास्त. हा फरक कायद्याने घडवला आहे, कारागिराने नाही.

दुसरा प्रश्न: ती वस्तू मूळची किती उरली आहे? इथे सर्वांत जास्त लोक फसतात. जुन्या रिव्हॉल्व्हरवर कारखान्यात चढवलेला निळसर थर असतो, त्याला ब्लूइंग म्हणतात. हा थर वापराने झिजतो. संग्राहक तो किती टक्के उरला आहे हे पाहतात. ऐंशी टक्के उरलेलं आणि वीस टक्के उरलेलं यांच्या भावात अनेक पटींचा फरक पडू शकतो. मग कुणीतरी हुशारी करतो. घासूनपुसून, नवा थर चढवून, नाहीतर चक्क निकेल चढवून चकचकीत करतो. वस्तू छान दिसते आणि संग्राहकाच्या लेखी तिचं निम्म्याहून अधिक मोल गेलेलं असतं.

हे आपल्याला नवं नाही. गावोगावच्या जुन्या दगडी देवळांना भक्तिभावाने ऑइलपेंट फासलेला आपण पाहतोच. भाव चांगला असतो, पण शिल्पाची रेघ रंगाखाली बुजते. रिव्हॉल्व्हरचंही तेच. घासलेलं हत्यार ओळखायचं कसं? कडा बघा, धारदार कोपरे गोल झालेले असतात. कोरलेली अक्षरं बघा, ती उथळ आणि पुसट दिसतात. स्क्रूभोवती बघा, तिथला धातू खोलगट झालेला असतो. नवा थर आणि खाली गंजाचे खड्डे, असं दिसलं तर काय झालं ते वेगळं सांगायला नको.

मूळपणाची आणखी एक खूण म्हणजे जुळणारे क्रमांक. १८७३ पासून बनलेलं कोल्ट कंपनीचं ‘सिंगल अॅक्शन आर्मी’ हे अमेरिकेतलं बहुधा सर्वांत ओळखीचं रिव्हॉल्व्हर. त्याच्या सांगाड्यावर, चापाच्या कड्यावर आणि मुठीच्या मागच्या पट्टीवर क्रमांक असतो. तिन्ही जुळले तर उत्तम. न जुळले तर भाव उतरतो, कारण भाग बदललेले असतात.

पण थांबा, इथे एक गंमत आहे. १८९० च्या दशकात अमेरिकी लष्कराने आपली जुनी कोल्ट रिव्हॉल्व्हरं परत मागवून त्यांच्या साडेसात इंची नळ्या कापून साडेपाच इंची केल्या. या कामात सुटे भाग एकमेकांत मिसळले. म्हणून संग्राहक ज्याला ‘आर्टिलरी’ नमुना म्हणतात, त्यात न जुळणारे क्रमांक हीच अस्सलपणाची खूण ठरू शकते. नियम तोंडपाठ करून भागत नाही, वस्तूचा इतिहास माहीत असावा लागतो.

याच्या उलट बाजूचं उदाहरण ब्रिटिश वेबली मार्क सहाचं. १९१५ मध्ये ब्रिटिश लष्कराने स्वीकारलेलं, पहिल्या महायुद्धातल्या अधिकाऱ्यांच्या कमरेचं. पुढे यातली बरीच अमेरिकेत विकली गेली. तिथे मूळ ब्रिटिश काडतूस सहज मिळेना, म्हणून अमेरिकी काडतूस बसावं यासाठी सिलिंडरची मागची बाजू तासून घेतली. वापरणाऱ्याची सोय झाली, पण आज न तासलेलं वेबली जास्त भाव खातं. तासलेला धातू परत येत नाही.

तिसरा प्रश्न: अशा किती उरल्या, आणि हव्या किती जणांना आहेत? हे दोन प्रश्न जोडीनेच विचारायचे. कोल्टचं वॉकर रिव्हॉल्व्हर १८४७ मध्ये बनलं. लष्करासाठी १,००० आणि बाजारासाठी १००. वजन सुमारे दोन किलो. सिलिंडर फुटण्याच्या तक्रारी पुष्कळ, म्हणून उरली थोडी. शिवाय कोल्टचा बुडालेला धंदा याच मागणीने पुन्हा उभा राहिला, म्हणून त्याला इतिहासात जागा आहे. बाजारासाठीच्या शंभरांपैकी एक, मूळ पेटीसह, २०१८ मध्ये १८ लाख ४० हजार डॉलरला गेलं. इथे दुर्मिळपणा आणि मागणी दोन्ही आहेत.

नुसता दुर्मिळपणा मात्र काही कामाचा नाही. छोट्या, विस्मृतीत गेलेल्या कारखान्यांची कितीतरी रिव्हॉल्व्हरं वॉकरहून दुर्मिळ असतील. विचारतो कोण? याउलट वेबली-फॉस्बरी पाहा. धक्क्याच्या जोरावर स्वतःच पुढची गोळी तयार करणारं हे विचित्र रिव्हॉल्व्हर १९०१ पासून बनलं, पाच हजारांच्या आतच. लष्कराने ते स्वीकारलं नाही. पण यंत्र म्हणून ते इतकं निराळं आहे की संग्राहक त्याच्यामागे असतात. त्याचा कर्ता जॉर्ज फॉस्बरी हा हिंदुस्थानातल्या बंगाल सैन्यातला अधिकारी, १८६३ च्या वायव्य सरहद्दीवरच्या अंबेला मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला.

चौथा प्रश्न सर्वांत निसरडा: ते कोणाचं होतं? अमेरिकी संग्राहकांत एक म्हण रूढ आहे. तिचा आशय असा की बंदूक विकत घ्या, गोष्ट घेऊ नका. चांगली म्हण आहे, पण अर्धीच खरी. गोष्टीला पैसे द्यायला हरकत नाही. गोष्टीचा पुरावा मात्र मागितला पाहिजे.

पुरावा म्हणजे काय, हे एका खटल्यावरून समजतं. १४ जुलै १८८१ रोजी न्यू मेक्सिकोत शेरीफ पॅट गॅरेटने बिली द किड या कुप्रसिद्ध गुंडाला गोळी घातली. वापरलेलं हत्यार कोल्ट सिंगल अॅक्शन, क्रमांक ५५०९३. पुढे ते टेक्ससमधल्या एल पासो इथल्या एका दारूच्या गुत्त्यात मांडलेलं होतं. १९०८ मध्ये गॅरेट मारला गेला. हत्यार उसनं दिलेलं होतं की भेट, यावर वाद झाला. त्याच्या विधवेने कोर्टात दावा लावला आणि १९३० च्या दशकात तिच्या बाजूने निकाल लागला. तिच्या दृष्टीने तो मालमत्तेचा वाद होता. पण इतिहासाच्या दृष्टीने पाहा. कोर्टाच्या त्या वादामुळे हत्यार कोणाकडून कोणाकडे गेलं, याची नोंद झाली. २७ ऑगस्ट २०२१ रोजी लॉस एंजेलिसच्या लिलावात अंदाज होता २० ते ३० लाख डॉलर. प्रत्यक्षात आले ६० लाखांवर. त्या वेळेपर्यंत कोणत्याही बंदुकीला लिलावात एवढी किंमत आलेली नव्हती. या मोठ्या आकड्यात त्या विधवेच्या दाव्याचाही वाटा आहे, असं आम्हाला वाटतं.

साध्या हत्याराला असा खटला कुठून मिळणार? तरी मार्ग आहेत. कोल्ट कंपनीचं दप्तरखाना शुल्क घेऊन पत्र देतं. अमुक क्रमांकाचं हत्यार कधी, कोणाला पाठवलं, नळी केवढी होती, थर कोणता होता, हे त्यात येतं. हे पत्र मोलाचं आहे, पण त्याची मर्यादा ओळखावी. कारखान्याने माल कोणत्या व्यापाऱ्याला पाठवला, एवढंच ते सांगतं. तो कोणाच्या कमरेला होता, हे सांगत नाही. आणि लष्करी हत्यारांना जास्त भाव येतो म्हणून नागरी कोल्टवर नंतर ‘यू. एस.’ ठसा मारणारे कारागीर पुष्कळ होऊन गेले. म्हणून त्यातले जाणकार ठशापेक्षा तपासनिसाच्या बारीक खुणा आणि क्रमांकांचे गट पाहतात. बनावट सनदेवरचा शिक्का तपासावा, तसंच हे काम आहे.

पाचवा प्रश्न पैशाचा: आकडा कोणता धरायचा? मागितलेली किंमत ही किंमत नव्हे, ती इच्छा आहे. प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे आकडे पाहायचे, एकाच नमुन्याचे, शक्यतो एकाच स्थितीतले, आणि एक-दोन नव्हे तर जितके मिळतील तितके. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा बाजूला ठेवायचा. लिलावाचा आकडा वाचताना आणखी एक खुबी आहे. व्हॅन गॉगच्या रिव्हॉल्व्हरवर हातोडा पडला तो १,३०,००० युरोंवर. घेणाऱ्याने दिले १,६२,५००. मधले ३२,५०० शुल्काचे. विकणाऱ्याच्या हातात बहुधा १,३०,००० हूनही कमी येतात, कारण त्याच्याकडूनही दलाली कापली जाते. म्हणजे एकाच विक्रीचे तीन आकडे. तुम्ही विकणारे असून घेणाऱ्याचा आकडा मनात धरलात, तर निराश होणं ठरलेलंच.

आता आपल्याकडे येऊ. परदेशातले हे आकडे वाचून कुणी आजोबांच्या वेबलीचा हिशोब करू लागला, तर तो चुकेल. आपल्याकडचा बाजार निराळ्या कारणांनी चालतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार रिव्हॉल्व्हरला परवाना लागतो. सामान्य माणसासाठी परदेशी हत्यारांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद झाली. त्यामुळे आधी देशात आलेल्या परदेशी रिव्हॉल्व्हरांना लाखांत भाव आले. हा भाव चालू हत्याराच्या टंचाईचा आहे, इतिहासाचा नाही. आपल्या सरकारी कारखान्याचं .३२ चं रिव्हॉल्व्हरही वेबलीच्याच रचनेवर बेतलेलं आहे, पण विलायती ठशाला जास्त पैसे मोजणारे आहेत. शिवाय शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक मोलाची वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू परदेशी पाठवण्यावर बंदी आहे. म्हणजे तिकडच्या भावाने तिकडे विकू, हा मार्गही नाही.

२०१९ मध्ये कायदा बदलला आणि एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येऊ लागली. तिसरं मुदतीत जमा करायचं किंवा विकायचं. मालक वारला की वारसांपुढेही हाच प्रसंग येतो. परवाना आपल्या नावे करून घ्या, नाहीतर हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करा. आपण मघाशी रास्त किमतीच्या तीन अटी पाहिल्या. इथे पहिली अट मोडते, कारण विकणाऱ्यावर सक्ती आहे. बहुधा तिसरीही मोडते, कारण वारसांना वस्तूची माहिती नसते. अशा वेळी आलेला आकडा मिळालेली किंमत असेल, तिला रास्त म्हणता येणार नाही.

आणि खरं नुकसान इथेच होतं. हत्यार जमा होतं, आणि घर आवरताना त्याच्यासोबतचे कागद रद्दीत जातात. जुना परवाना, दुकानाची पावती, पलटणीचं पत्र, चामड्याचं म्यान, गणवेशातला फोटो. पणजोबा कोणत्या पलटणीत होते, मेसोपोटेमियात गेले की फ्रान्समध्ये, हे सांगणारा तो एकमेव पुरावा असू शकतो. तो हत्यारापासून तुटला की हत्यार पुन्हा नुसतं लोखंड होतं, आणि कागद नुसता कागद. पुढे कितीही पैसे दिले तरी तो सांधा जोडता येत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी असा वारसा आहे, त्यांना आमचं सांगणं थोडकंच आहे. परवान्याचं काम आधी पूर्ण करा, त्यात हयगय नको. हत्यार घासू नका, चकचकीत करू नका, गंज दिसला तरी जाणकाराला विचारल्याशिवाय हात लावू नका. क्रमांक आणि ठसे यांचे स्पष्ट फोटो काढून ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना जे आठवतं ते आजच, तारीख घालून, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ती बखर असेल, पण ती बखर आहे हे लिहून ठेवलंत तर तिचाही उपयोग होतो. आणि सगळे कागद एकत्र ठेवा. विकायचं ठरलं तर ते हत्यारासोबत द्या. द्यायचे नसतील तर निदान त्यांच्या प्रती द्या.

घेणाऱ्यांना सांगणं याहून थोडकं. गोष्ट ऐका, चहा प्या, आणि मग कागद मागा. कागद नसेल तर गोष्टीचे पैसे देऊ नका, वस्तूचे द्या. त्यात विकणाऱ्याचा अपमान नाही. तो खरं बोलत असेलही. पण दहा वर्षांनी तुम्ही विकायला जाल, तेव्हा तुमच्याकडे त्याची गोष्टच असेल, तो नसेल.

वेळ झाली आहे. इथे थांबतो आणि तुमच्या प्रश्नांकडे वळतो.